इथलं इथंच

सार्वजनिक आरोग्याच्या लोकांना एकत्र जेवायला बसवू नये असं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. ताट समोर आल्याबरोबर अर्धे जण वाढणाऱ्याची नखं बघतात, उरलेले पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारतात, आणि मग सगळे मिळून जुलाबांच्या साथींच्या आठवणी काढत पोटभर जेवतात. सार्वजनिक आरोग्याच्या एका जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दरवर्षी असाच रंगायचा. या वर्षी मात्र घाईबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

घाईबाई हे तिचं वसतिगृहातलं नाव. वीस वर्षांपूर्वी ती आंघोळीच्या रांगेतही घाई करायची, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं. आता ती जिल्ह्याची रोगसर्वेक्षण अधिकारी होती. म्हणजे जिल्ह्यातल्या एकशे बारा उपकेंद्रांवरून दर सोमवारी किती तापाचे, किती पुरळाचे, किती जुलाबाचे रोगी आले त्याचे आकडे तिच्या टेबलावर येणार, आणि कुठे काही वाढतंय हे सगळ्यांत आधी तिला दिसणार. निदान दिसावं अशी अपेक्षा.

तिच्या पर्समध्ये एक पाकीट होतं. पाकिटात दोन पानी अहवाल, खाली सहीची जागा मोकळी. दुसऱ्या पानावरचं एक वाक्य तिला नको नको म्हणता पाठ झालं होतं: ‘सदर शून्य नोंदी डेटा ऑपरेटरने स्वतःच्या मर्जीने, कोणाचीही सूचना नसताना केल्या.’ वाक्य साफ खोटं होतं. आणि ज्याच्याविषयी होतं तो ऑपरेटर तीन खुर्च्या पलीकडे बसून मान खाली घालून जेवत होता.

त्यालाही इथं एक नाव होतं, दशांश. बॅचमध्ये सगळे उत्तर ‘बारा टक्के’ लिहायचे तिथे हा ‘बारा दशांश शून्य चार’ लिहायचा. हुशार होता, पण शेवटच्या वर्षी वडील गेले, परीक्षा बुडाली, पदवी कायमची अर्धी राहिली. पुढे कुठे कुठे कंत्राटावर कामं करत तो तिच्याच कार्यालयात आला. तिनेच शब्द टाकला होता. पहिल्या दिवशी त्याने तिला ‘मॅडम’ म्हटलं तेव्हा ती हसली होती. सहा वर्षांत मॅडमचं काही परत घाईबाई झालं नाही.

“आणि तू रे, तू काय करतोस सध्या?” लाउडस्पीकरने टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला विचारलं. हेही वसतिगृहातलंच नाव, तीही त्याच बॅचची. एका मोठ्या परदेशी संस्थेत सल्लागार होती आणि तिला हळू बोलता येत नाही हे त्या संस्थेलाही एव्हाना कळलं असणार. “तुझ्या बिल्ल्यावर पदाच्या जागी काहीच नाही लिहिलेलं.”

“सोमवारनंतर लिहीन,” दशांश म्हणाला.

“म्हणजे नवी नोकरी?”

“तसंच काहीतरी.”

सगळे हसले. घाईबाईने पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे ओठाला लागल्यावर तिला कळलं.

झालं होतं ते असं. खाणकामगारांच्या वस्तीवरच्या उपकेंद्राची नर्सबाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. साहजिकच तिथून साप्ताहिक अहवाल येणं बंद झालं. आता या शाळेत पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात, आणि ती विसरणाऱ्याला पुढे काही शिकवण्यात अर्थ नसतो. शून्य म्हणजे आम्ही पाहिलं, रोगी नव्हता. रिकामा रकाना म्हणजे आम्ही पाहिलंच नाही. संगणकावर रिकामा रकाना लाल दिसतो. तसे तिच्या जिल्ह्यात त्या दिवसांत बरेच लाल दिसत होते, अहवाल आल्याची टक्केवारी नव्वदच्या खाली घसरली होती, आणि वरून उपसंचालकांचे दिवसाआड फोन येत होते. त्यातच तिच्या बढतीची फाइल वर गेलेली.

ती गाडीत होती. दशांशचा फोन आला. ती म्हणाली, “अरे, जिथं जिथं रिकामं दिसतंय तिथं शून्य टाक. बाई आल्या की दुरुस्त करू.”

“मॅडम, रिकामं म्हणजे शून्य नव्हे.”

“मला शिकवू नकोस. टाक.”

त्याने टाकलं. दर सोमवारी टाकत गेला, अकरा आठवडे. लाल रंग गेला. टक्केवारी शंभरावर गेली, उपसंचालकांनी बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं. नवव्या आठवड्यात वस्तीवर गोवर शिरला होता. जिल्ह्याला तो बाराव्या आठवड्यात कळला, तेही शेजारच्या गावातल्या खासगी डॉक्टरने फोन केला म्हणून. सतरा मुलं आजारी पडली होती. त्यातली एक मुलगी वाचली नाही.

चौकशी बसली. शून्य कोणी टाकले? दशांशने लेखी उत्तर दिलं, ‘सूचनेप्रमाणे.’ कोणाची सूचना, असं समितीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “मॅडमना विचारा.” एवढंच. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो हे त्याला कळत होतं, की त्याला तिच्यावर अजून विश्वास होता, देव जाणे. चेंडू तिच्या अंगणात येऊन पडला, तो पडूनच होता. सोमवारी सकाळी साडेदहाला समितीची शेवटची बैठक. तिचा अहवाल गेला की दशांशचं कंत्राट रद्द, नाव काळ्या यादीत, म्हणजे पुन्हा कुठल्याही सरकारी कार्यालयाचा उंबरा चढायला नको. घरी शिवणकाम करणारी बायको, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आई. हे सगळं घाईबाईला ठाऊक होतं. त्याच्या आईला ती दोनदा भेटून आली होती.

तिच्याही घरी माणसं होतीच. राजधानीतल्या पदावर ती जाणार म्हणून नवऱ्याने तिथं घर बघून ठेवलं होतं, मुलीला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि सासूबाईंनी शेजारीपाजारी बातमी पोचवून त्यांचे चेहरे कसे पडले तेही सांगून झालं होतं. माणूस वाईट व्हायला फार काही लागत नाही. घरचे खूश असले की पुरतं.

जेवणानंतर हात धुवायच्या जागी उपसंचालक भेटले. तेही याच शाळेचे, तिच्यापेक्षा चार वर्षं पुढचे. बुटांमुळे त्यांना तेव्हा ‘पॉलिश’ म्हणायचे. बूट अजून तसेच होते. चौकशी समितीचे अध्यक्षही तेच.

“सही झाली?” त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसत विचारलं.

“नाही सर. जरा वाचायचं राहिलंय.”

“त्यात वाचायचं काय? मीच तर मजकूर पाठवला होता.” ते हसले. “चारला माझी गाडी निघते. पाकीट माझ्याबरोबर दे. सोमवारी तू यायचीही गरज नाही, उगाच समोरासमोर नको. त्या माणसाचं वाईट वाटतं मला, नाही असं नाही. पण कंत्राटी आहे, आज इथे, उद्या तिथे. तुझी बढती अडकली तर शिफारस करणारा मीही अडकतो. कळलं ना?”

“हो सर.”

“चार वाजता,” ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

अडीचला चुकांचा तास होता. ही या शाळेची खास गोष्ट. मेळाव्याला सगळीकडे सत्कार असतात, भाषणं असतात, इथंही असतात. पण इथं एक तास असा असतो की सभागृहाची दारं लावतात, सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवून घेतात, आणि वीस वर्षं पूर्ण झालेल्या बॅचमधला एक जण उठून आपल्या नोकरीतली एक चूक सांगतो. माइक नाही, टिपणं नाही. मोठ्या बाईंनी हे चालू केलं. बाई साथरोगशास्त्र शिकवायच्या, आता ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या आणि पहिल्या रांगेत शाल घेऊन बसायच्या. माणसं चूक लपवतात म्हणून दुसरा माणूस तीच चूक पुन्हा करतो, असं त्यांचं म्हणणं. बोलायला धीर यावा म्हणून एकच नियम, ‘इथलं इथंच’. तो नियम तीस वर्षांत कोणी मोडला नव्हता. आपल्या घरच्यांनाही सांगितलं नाही, असं लोक अभिमानाने सांगायचे.

या वर्षी बॅचने घाईबाईला उभं केलं होतं. सगळ्यांत मोठ्या पदावर जाणार म्हणून. तिने एक चूक तयारही ठेवली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी लसीच्या फ्रिजची किल्ली तिच्या खिशात राहिली आणि ती गावी निघून गेली, मग कुलूप तोडावं लागलं. मुलाखतीत स्वतःचा दोष विचारला की ‘मी फार काम करते’ म्हणतात ना, त्या जातीची चूक. ऐकणाऱ्याला हसू यावं आणि सांगणाऱ्याचं काही जाऊ नये.

सभागृह भरलं होतं. मागच्या तीन रांगांत नवे विद्यार्थी, त्यांच्याही मागे भिंतीला टेकून दशांश. पहिल्या रांगेत मोठ्या बाई आणि त्यांच्या शेजारी उपसंचालक. दारं लागली. प्राचार्यांनी नियम सांगितला आणि सगळे एका आवाजात म्हणाले, “इथलं इथंच.”

घाईबाईने किल्लीची गोष्ट सुरू केली. मुलं हसली. कुलूप तोडायला आलेला माणूस आधी स्वतःलाच लस टोचून मागत होता इथपर्यंत ती आली आणि सगळे खदखदून हसले. दशांश हसला नाही. तो तिच्याकडे बघतही नव्हता, हातातल्या बिल्ल्याकडे बघत होता.

“थांब,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता पण हसणं बंद पडलं. “ही चूक झाली का? ही तर गंमत झाली. सांगायची नसेल तर खाली बस, मला काही राग नाही. पण माझ्या मुलांचा तास फुकट घालवू नकोस.”

घाईबाईचे कान तापले. खाली बसली असती तरी चाललं असतं, याआधीही एकदोघं बसली होती. ती बसणारच होती. पण गुडघे वाकेनात, आणि तोंड मात्र उघडलं.

“मी रिकाम्या रकान्यात शून्य टाकायला सांगितलं,” ती म्हणाली.

पुढचं तिने भरभर सांगितलं, घाईबाईच ती. नर्सबाईची रजा, टक्केवारी, फोन, अकरा आठवडे. ऑपरेटरने मला सांगितलं होतं की हे बरोबर नाही, मी म्हटलं मला शिकवू नकोस. सतरा मुलं. एक मृत्यू. आता त्या ऑपरेटरवर खापर फुटतंय, आणि माझ्या पर्समध्ये तो कागद आहे. बोलताना तिने उपसंचालकांकडे पाहिलं नाही. ते काय करतील याची तिला भीती वाटत होती.

ती थांबली. मग मोठ्या बाई काठीचा आधार घेत उठल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागोमाग सगळं सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेतल्या दोन मुली डोळे पुसत होत्या. उपसंचालकही उभे राहून टाळ्या वाजवत होते, इतरांपेक्षा थोड्या जोरातच.

घाईबाई रडली. चार महिन्यांत तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेला असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर ते उभं राहिलेलं सभागृह तिला आवडलं. आपण वाईट नाही, असं दीडशे माणसं एकदम सांगत असली की कोणाला नाही आवडत?

चहाच्या वेळी मुलांनी तिला गराडा घातला. मॅडम, किती धीर लागला असेल. मॅडम, आम्ही हे जन्मभर विसरणार नाही. एका मुलीने तर तिच्या हाताखाली काम करायची इच्छा बोलून दाखवली. लाउडस्पीकरने कडकडून मिठी मारली. घाईबाई सगळ्यांना हो हो म्हणत होती, आणि गर्दीच्या फटीतून तिला दिसलं की दशांश लाउडस्पीकरला बाजूला घेऊन काहीतरी विचारतोय. त्याचा आवाज ऐकू आला नाही. लाउडस्पीकरचा आला, तो सगळ्यांनाच आला.

“अरे, मी कसं सांगू समितीपुढे? इथलं इथंच. तुला नियम माहीत नाही का? तीस वर्षांत कोणी मोडला नाही, आणि मी मोडू?”

तो आणखी एकाकडे गेला. त्यानेही खांद्यावर हात ठेवून मान हलवली. मग प्राचार्यांकडे. प्राचार्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, फार प्रेमाने, आणि नाहीच म्हणाले. दीडशे माणसांना खरं काय ते कळलं होतं आणि एकही जण तोंड उघडणार नव्हता. सगळे भले होते. शब्दाला जागणारे होते.

“छान बोललीस,” तिच्या कानाशी उपसंचालक म्हणाले. ती दचकली. “मन मोकळं झालं ना? होतं असं. मीही चार वर्षांपूर्वी याच तासात बोललो होतो, त्या रात्री काय झोप लागली मला.” त्यांनी घड्याळ बघितलं. “साडेतीन. आता ती सही करून टाक.”

“सर, मी आत्ता सगळ्यांसमोर...”

“हो. आणि इथलं इथंच. मी काही ऐकलेलंच नाही. तो नियम आपल्या सगळ्यांसाठी आहे, माझ्यासाठीसुद्धा.” ते अगदी मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं. “गाडी फाटकाशी आहे. चारला.”

ते गेले. घाईबाईच्या हातातला चहा निवला होता. तिने दशांशला शोधलं. तो व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. निघायच्या तयारीत.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. हे तिने का म्हटलं हे तिलाही कळलं नाही. शाबासकीच हवी होती बहुतेक.

“ऐकलं, मॅडम.” त्याने नाडी ओढली. “मला आधीच माहीत होतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होतो.”

“तसं नाही रे. पण सगळ्यांसमोर...”

“जखम मांडीला आणि मलम शेंडीला,” तो म्हणाला. रागाने नाही, थकून. “तुम्हाला बरं वाटलं ते दिसलं मला. वाटायलाच हवं. मला सोमवारी आईला सांगायचंय की उद्यापासून मी घरीच आहे. त्या दीडशे टाळ्यांतली एक तरी मला तिथं नेता येईल का?”

तिला लाज वाटली, इतकी की ती त्याच्याकडे बघू शकली नाही. किती सहज तिने स्वतःला माफ करून घेतलं होतं, आणि ज्याची माफी मागायची तो भिंतीला टेकून उभा होता. पाऊण तास ती स्वतःला शूर समजत होती. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडतंच म्हणतात, पण इथं तर तिने ते आरवू दिलं होतं आणि मग सगळ्या गावाला कान झाकायला लावले होते.

“माझ्याबरोबर चल,” ती म्हणाली. “दहा मिनिटं. मला तारखा हव्यात.”

नोंदणीच्या टेबलावरून तिने एक कोरा कागद मागून घेतला आणि भोजनगृहात जाऊन बसली. बाक नुकतेच पुसले होते, तिने रुमालाने कोपरा कोरडा केला. पाकिटातला छापील अहवाल समोर ठेवला आणि हाताने नवा लिहायला घेतला. दशांश टेबलापलीकडे उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. फोन कुठल्या तारखेला? तो लगेच सांगायचा. पहिलं शून्य कुठल्या आठवड्यात? तेही. ‘सदर नोंदी माझ्या तोंडी सूचनेवरून करण्यात आल्या. ऑपरेटरने त्यास त्याच वेळी हरकत घेतली होती. ती मी धुडकावली.’ ‘धुडकावली’ हा शब्द सरकारी अहवालात येत नाही. तिने तो राहू दिला.

“सतरा रुग्ण,” ती पुटपुटत लिहीत होती. “मृत्यू एक.” पेन थांबलं. “त्या मुलीचं नाव काय होतं?”

दशांशने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही गेला नव्हता वस्तीवर?”

“पथक पाठवलं होतं.”

“मी गेलो होतो. रविवारी, बसने.” त्याने नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. “तीन वर्षं अकरा महिने. चार लिहू नका.”

तिने लिहिलं. तीन वर्षं अकरा महिने. चार महिने ती त्या मुलीला ‘एक’ म्हणत होती, सभागृहातही एकच म्हणाली होती, आणि दीडशे शिकलेल्या माणसांत कोणीही तिला नाव विचारलं नव्हतं. तिला हुंदका आला. तो तिने गिळला, कारण रडण्याचा तिचा आजचा वाटा संपला होता. मग सही केली. खाली पदनाम, तारीख आणि वेळ. तीन वाजून बावन्न मिनिटं.

फाटकाशी गाडी चालू होती. उपसंचालकांनी काच खाली केली आणि हात पुढे केला. तिने कागद दिला. त्यांनी पहिल्या दोनतीन ओळी वाचल्या आणि कागद तसाच खिडकीतून परत केला.

“हे मी घेतलेलं नाही.”

“सर, माझा अहवाल हाच आहे.”

“आज शनिवार आहे,” ते शांतपणे म्हणाले. “घरी जा. नवऱ्याशी बोल, नीट जेव, झोप काढ. राजधानीतल्या त्या खुर्चीसाठी सहा जण रांगेत आहेत. यातून विभागीय चौकशी लागेल, ती निवृत्तीपर्यंत चालते. मी बघितलंय. सोमवारी सकाळी तू मला दुसरा कागद देशील याची मला खात्री आहे. मी तुला ओळखतो.”

काच वर गेली. गाडी वळली आणि रस्त्याला लागली. घाईबाई हातात कागद धरून उभी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त भीती याची की ते तिला खरंच ओळखत होते. आज घरी गेल्यावर नवरा काय म्हणेल ते तिला ऐकू येत होतं. एवढं सगळं आवरून झालंय आणि आता? मुलगी काही बोलणार नाही, खोलीचं दार लावून घेईल. सासूबाई शेजारणींना काय सांगायचं ते विचारतील. उद्या रविवार, अख्खा दिवस.

दशांश मागे येऊन उभा होता. सगळं त्याने ऐकलं होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “याची एक झेरॉक्स मला द्याल?”

“कशाला? सोमवारी मी स्वतः समितीला देणार आहे. साडेदहाला.”

“सोमवारला अजून दोन दिवस आहेत.”

तिला ते लागलं. तरी तिचा हात कागदावर घट्ट झाला, आपोआप. झेरॉक्स त्याच्या खिशात गेली की मग बोलायला काही उरत नव्हतं. रविवार उरत नव्हता. दोन क्षण, फार तर तीन, ती तशीच उभी राहिली. दशांशने तिचा तो हात पाहिला. तो वाट बघत राहिला.

“चल,” ती म्हणाली.

मशीन ग्रंथालयाच्या दाराशी होतं. तिने स्वतः कागद काचेवर ठेवला, स्वतः बटण दाबलं. गरम पान बाहेर आलं ते त्याने उचललं आणि खिडकीच्या उजेडात नेऊन वाचायला लागला. एकेका ओळीखाली बोट ठेवून, घाई न करता. मुलीच्या वयाशी थांबला, पुढे गेला. शेवटी तिची सही मूळ कागदावरच्या सहीशी जुळवून पाहिली. तारीख पाहिली, वेळ पाहिली. मग पानाची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

“येतो, मॅडम,” तो म्हणाला, आणि बसथांब्याच्या दिशेने चालायला लागला.

निदान जाताना तरी तो घाईबाई म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. ती मूळ कागद हातात घेऊन तिथंच उभी राहिली, आणि आता मात्र तिला रडू आवरलं नाही.